नोत्र दामला कधी जायचं

(लालबाग. रविवारची सकाळ. दीपक आणि अनुजा यांच्या घरी रुचा आली आहे. ती याच बिल्डिंगमध्ये वाढली, आता पॅरिसला नोकरी करते.)

रुचा: ...म्हणून म्हणते काका, एप्रिलचा शेवटचा आठवडा. थंडी गेलेली असते, उन्हाळ्याची गर्दी अजून सुरू झालेली नसते. नदीकाठची झाडं फुललेली असतात. नोत्र दाम बघायचं तर तेव्हाच.

दीपक: ऐकलंस अनुजा? मी पण यूट्यूबवर तेच बघितलं. एक बाई सांगत होती, एप्रिल नायतर सप्टेंबर.

अनुजा: एप्रिल नको.

दीपक: अगं, ती तिथे राहते. तिला जास्त माहीत की...

अनुजा: एप्रिल नको म्हटलं ना मी.

रुचा: सॉरी काकू. माझ्या डोक्यातच आलं नाही. कसं नाही आलं मला...

अनुजा: असू दे गं. तुझ्या डोक्यात हवामान होतं. चहा घे, गार होतोय.

दीपक: बरं, एप्रिल कॅन्सल. मे?

रुचा: मेमध्ये पण चालेल. पण मग गर्दी वाढायला लागते. जून, जुलै, ऑगस्ट तर विचारूच नका. ती रांग अख्ख्या चौकाला वळसा घालून जाते. आणि उकाडा. तिथे घराघरात पंखे पण नसतात.

दीपक: उकाड्याचं काय सांगतेस आपल्याला! माझ्या चिंचपोकळीच्या गाळ्यात तीन लेथ मशीन चालू असतात, वर पत्रा. आपण भट्टीतच मोठे झालो.

रुचा: तुमचं ठीक आहे, पण काकूंना नाही झेपणार. मग सप्टेंबर?

दीपक: सप्टेंबरला गणपती. गावाला जायला लागतं. आई नव्वदीला आली, तिला सांगू काय, या वर्षी बाप्पाला सोडून चर्च बघायला चाललो?

अनुजा: कॅथेड्रल.

दीपक: काय?

अनुजा: चर्च नाही, कॅथेड्रल. कितीदा सांगायची श्रेया तुला.

दीपक: हो. बोलायची. "बाबा, तुमच्या लेथला मी चरक बोलले तर चालेल का?" रुचा, एकदा गाळ्यावर आली होती ती, कॉलेजातून थेट. माझ्या कामगारांना घेऊन बसली. जमिनीवर खडूने काढून दाखवलं, ती भिंत बाहेर पडू नये म्हणून बाहेरून दगडाचे हात कसे लावलेत ते. आमचा राजाराम बोलतो कसा, "म्हणजे म्हातारीला दोन्ही बाजूंनी धरून चालवतात तसं." श्रेया इतकी खूश! बोलली, आमच्या सरांना हे असं सांगता आलं नाही.

रुचा: मला पण सांगितलं होतं तिने. आमच्या वर्गात मग सगळे त्याला म्हातारीच म्हणायचे.

दीपक: आणि ते वरचं लाकूड. छताच्या आतलं. त्याला तिथले लोक जंगल बोलतात ना?

रुचा: हो. आगीत जळलं ते तेच. आता परत ओकची झाडं आणून बांधलंय, तसंच. कुऱ्हाडीने तासून. सुतार शोधून आणले, जुन्या पद्धतीने काम करणारे.

दीपक: बघ! आजच्या काळात. मशीन असताना. मला तेच बघायचंय.

अनुजा: ते छत आतून दिसत नाही, दीपक. खाली दगडी छत आहे. त्याच्यावर लाकूड.

दीपक: तुला कसं माहीत?

अनुजा: मलाही सांगायची ती.

रुचा: काकू, डिसेंबर पण एक ऑप्शन आहे. नाताळची सजावट असते सगळीकडे. गर्दी असते, पण वातावरण छान असतं. शाळेला तुम्हाला सुट्टी पण असेल.

अनुजा: रुचा, तू उद्या चाललीस ना?

रुचा: उद्या संध्याकाळी. म्हणून म्हटलं, तारखा ठरल्या तर मी तुमचं राहायचं बघून ठेवते. माझ्याकडेच राहायचं, मी तेवढे दिवस मैत्रिणीकडे जाईन. फक्त मला रजा आधी टाकावी लागते.

अनुजा: मग काकांचं ठरव. मी येत नाहीये.

दीपक: अनुजा.

अनुजा: मी कधी हो म्हटलं होतं? तूच ठरवलंस. व्हिसाचं तू बघितलंस, पासपोर्ट तू रिन्यू केलास माझा. मी सही केली, कारण तू पेन पुढे धरलंस.

दीपक: अगं, श्रेयाला शब्द दिलाय मी. ज्या दिवशी नोत्र दाम जळत होतं, इथे, याच टीव्हीवर बघत होतो आपण. हात वाळला होता तिचा, जेवण तसंच. तो कळस पडला आणि रडायला लागली. मी येडा, हसलो. बोललो, बाय, आपल्या गिरणीची चिमणी पाडली तेव्हा आजोबा पण असेच रडले. तर बोलली, "बाबा, जेव्हा परत उघडेल तेव्हा मला पहिल्याच वर्षी न्यायचं." मी बोललो, नेईन. आता उघडलं. कधीच उघडलं. पहिलं वर्ष गेलं सुद्धा.

अनुजा: तिला न्यायचं होतं. मला नाही.

दीपक: ती नाहीये तर आपण जायचं नाही?

अनुजा: तू जा ना. मी अडवलंय का?

रुचा: काका, आपण नंतर बोलू या का? मी फोन करेन तिथून.

अनुजा: नाही, बस तू. तुझ्यासमोर बोलले तर तो ऐकून तरी घेईल. रुचा, त्या रात्री तिच्या शेजारी मी होते. ती म्हणाली, "आई, संपलं. आठशे वर्षं होतं आणि संपलं." मी म्हटलं, अगं बांधतील परत. असं कसं संपेल? मी शाळेत पोरांना सांगते तशीच सांगत होते. आणि बांधलं की त्यांनी! पाच-सहा वर्षांत. जगभरातून माणसं आली, लाकूड आलं, काचा धुतल्या, दगड पुसले. म्हणतात पहिल्यापेक्षा चांगलं दिसतंय. मला ते बघायचं नाहीये. ते नीट झालेलं मला बघवणार नाही. मी तिथे उभी राहून काय म्हणू, छान झालंय? जळलेलं असतं ना, तर मी आले असते.

रुचा: काकू...

अनुजा: रडू नकोस गं. तू कशाला रडतेस? आत कसं दिसतं ते सांग त्याला, त्याला ऐकायचंय.

रुचा: मला नाही माहीत.

दीपक: म्हणजे?

रुचा: मी आत गेलेच नाहीये, काका. अजून एकदाही.

दीपक: अगं, तू मघापासून सांगतेस, सकाळी लवकर गेलं की रांग नसते, आत उजेड कसा पडतो...

रुचा: ते ऑफिसमधले सांगतात. माझं ऑफिस तिथून चालत पंधरा मिनिटांवर आहे. उघडलं तेव्हा सगळे गेले, मी पण गेले त्यांच्याबरोबर. रांगेत उभी राहिले. दार दिसायला लागलं आणि मला... आम्ही दोघींनी मिळून तिथल्या आर्किटेक्चर कॉलेजला अप्लाय केलं होतं ना. ॲडमिशन दोघींना मिळाली होती. मी पुढे गेले, तिने ठरवलं, कोविड संपला की येते. मला वाटायला लागलं, ती मागे आहे. रांगेत. मी वळून बघत होते. मग मी पोट दुखतंय सांगून निघाले. रोज बसमधून जाते तिथून. दुसरीकडे बघते.

अनुजा: कुणाला बोलली नाहीस.

रुचा: कोणाला बोलणार? तिथे तिला कोणी ओळखतच नाही. मला वाटलं, तुम्ही दोघं आलात तर तुमच्याबरोबर मला जमेल. म्हणून मी काकांना फोन केला होता. काकांची आयडिया नाहीये ही, काकू. माझी आहे.

दीपक: तिने फोन केला, पण मला पण हवंच होतं. तिच्यावर नको टाकूस.

अनुजा: तुला का हवंय, दीपक? खरं सांग. शब्द दिला, शब्द दिला करू नकोस. पोरीला दिलेले किती शब्द आईबाप पाळतात!

दीपक: कुठेतरी उभं राहायचंय मला.

अनुजा: म्हणजे?

दीपक: म्हणजे काय म्हणजे! घरातलं कोण गेलं की लोक कुठेतरी जातात ना. आपण कुठे गेलो? दहावं नाही, तेरावं नाही, दारात कोण आलं नाही. चार वर्षं झाली नि वर झाली, तिचं नाव काढलं की तू उठून किचनमध्ये जातेस. घरात मी रडायचं नाही, कारण तू आहेस. गाळ्यावर रडायचं नाही, कारण पोरं बघतात. मग मी कुठे रडू? सांग ना. तिला जिथे जायचं होतं तिथे तरी जातो.

अनुजा: तुला निदान समुद्रावर उभं राहायला मिळालं.

दीपक: काय बोललीस?

अनुजा: काही नाही.

दीपक: नाही, बोल. आज बोल.

अनुजा: रुचा, तुला माहीत नसेल. त्या एप्रिलमध्ये आम्ही तिघंही आजारी होतो. तिला हॉस्पिटलात नेलं, मी इथे, आतल्या खोलीत. मंडळाच्या मुलांनी कुठून तरी सिलिंडर आणून लावला होता. मी रोज विचारायचे, श्रेया कशी आहे? आणि हा दारात उभा राहून सांगायचा, "बरी आहे, झोपली आहे. जेवली." मी म्हणायचे, फोन लाव. तर म्हणायचा, तिथे फोन देत नाहीत. आणि ती गेलेली होती. जळून राख होऊन, ती राखसुद्धा समुद्रात सोडून आला होता हा. मला बसता यायला लागलं तेव्हा सांगितलं. सगळं आटपल्यावर. माझ्या मुलीचं सगळं झालं आणि मी इथे पडून म्हणत होते, तिला आंब्याची फोड आवडते, कुणाबरोबर तरी पाठव.

रुचा: मला खरंच माहीत नव्हतं.

अनुजा: आणि आता हा मला विचारतोय, एप्रिल की सप्टेंबर. चांगली वेळ कुठली. तेव्हाही यानेच ठरवली ना, सांगायची चांगली वेळ! तेव्हा नाही विचारलंस मला.

दीपक: तुझा ऑक्सिजन ऐंशीच्या घरात होता.

अनुजा: माहीत आहे मला.

दीपक: नाही माहीत. काय माहीत नाही तुला. डॉक्टर फोनवर बोलला, यांना आता काही कळू देऊ नका, धक्का बसला तर मी काही सांगू शकत नाही. मला वाटलं, दोघी जातील. एक गेली, दुसरी पण जाईल. मी काय करायचं होतं? सांगून बघायचं होतं, जगते का मरते?

अनुजा: मी असं नाही म्हणत.

दीपक: मग काय बोलतेस? राख ठेवायची होती? कुठे ठेवू? स्मशानात शेल्फावर मडकीच मडकी, एकाला एक लागून. चिकटपट्टीवर पेनाने नाव. पुसलं जात होतं घामाने. तिचं नाव अर्धं गेलेलं. नुसतं "श्रे" राहिलं होतं. मी तिला तिथे ठेवून येऊ? आणि घरी आणू, तर तू विचारणार हे काय. मग मी गेलो.

अनुजा: कुणाबरोबर?

दीपक: कुणाबरोबर काय! एकटाच गेलो गो. कोण येणार होतं? भाऊ गावाला अडकलेला. शेजाऱ्यांना मीच बोललो, लांब राहा, माझा ताप आत्ता उतरलाय. स्कूटरवर पुढे पायाशी मडकं धरून गेलो दादरला. चौपाटीवर बॅरिकेड. हवालदार बोलला, किती माणसं? मी बोललो, एक. कोण गेलं? मुलगी. तो माझ्याकडे बघत राहिला. बोलला, "काका, एकट्याने करू नये हे." आणि बॅरिकेड सोडून आला माझ्याबरोबर. बूट काढले त्याने. पाण्यापर्यंत आला, मागे उभा राहिला टोपी हातात घेऊन. नाव पण नाही विचारलं मी त्याचं.

अनुजा: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

दीपक: तू कधी विचारलंस? सांगितलं त्या दिवशी तू भिंतीकडे तोंड केलंस, ते अजून तसंच आहे.

रुचा: मी जरा बाहेर गॅलरीत उभी राहते.

अनुजा: नको. बस इथेच. दीपक, भरती होती?

दीपक: काय?

अनुजा: समुद्राला. भरती होती की ओहोटी?

दीपक: ओहोटी लागली होती. बरंच आत चालत गेलो. गुडघ्याएवढं पाणी.

अनुजा: सकाळी?

दीपक: सकाळीच. ऊन चढलं नव्हतं. कोण नव्हतं. आख्ख्या दादरला कोण नव्हतं. कावळे पण लांब बसलेले.

अनुजा: पटकन गेली?

दीपक: नाही. थोडा वेळ पाण्यावर राहिली. माझ्या पायाभोवती फिरत होती. मग एक लाट आली, बारीकशी, तिच्याबरोबर गेली.

अनुजा: काही बोललास तू तिला?

दीपक: बोललो.

अनुजा: काय?

दीपक: बोललो, जा बाय. आई आजारी आहे, तिला आत्ता नाही सांगितलं. बरी झाली की सांगतो. रागवू नको.

अनुजा: दीपक...

दीपक: मग घरी आलो. खाली नळावर आंघोळ केली. तुझ्यासाठी पेज करायला ठेवली. तू आतून हाक मारलीस, "फोन आला का हॉस्पिटलातून?" मी बोललो, आला. बरी आहे. आणि पेज लागली खाली. करपली. तू बोललीस, पेजेला वास येतोय. तरी खाल्लीस.

अनुजा: आठवतंय मला ती पेज.

दीपक: सगळी खाल्लीस. तेव्हा मला वाटलं, ही वाचली.

रुचा: काका, पाणी घ्या.

दीपक: नको. ठेव तिथे.

अनुजा: मला वाटायचं, तू घाई केलीस. लोकांनी सांगितलं आणि तू उरकून टाकलंस. तुझ्या घरातल्यांचं असतं ना, सगळं वेळच्या वेळी व्हायला पाहिजे. मला वाटायचं, तुला तिथे कोणीतरी असेल. दोन-चार माणसं असतील, गाळ्यावरची. मी सोडून सगळे असतील.

दीपक: कोण नव्हतं गो. तो हवालदार.

अनुजा: चांगला माणूस.

दीपक: बराच वेळ थांबला. निघताना पाणी पाजलं मला त्याच्या बाटलीतलं. तेव्हा कोण कुणाच्या बाटलीला हात लावत नव्हतं.

(अनुजा पाण्याचा ग्लास दीपककडे सरकवते.)

अनुजा: रुचा, तुला रजा किती आधी टाकावी लागते?

रुचा: दोन महिने आधी सांगितलं तर बरं. पण काकू, घाई नाही. नाही ठरलं तरी चालेल.

अनुजा: फेब्रुवारीत कसं असतं तिथे?

रुचा: फेब्रुवारीत? काहीच नसतं. थंडी. ढग. झाडांना पान नसतं. दुपारी बघावं तर वाटतं संध्याकाळ झाली. फेब्रुवारीत या असं कोणीच कोणाला सांगत नाही.

अनुजा: गर्दी?

रुचा: अगदी कमी. सकाळी आठच्या सुमाराला दार उघडतं, तेव्हा गेलं तर आत रोजची प्रार्थना करणारे चार-दोन म्हातारे असतात. म्हणजे, असं मी ऐकलंय.

अनुजा: मग फेब्रुवारी.

दीपक: खरंच येतेस?

अनुजा: शाळेत दहावीची गडबड असते तेव्हा, पण मी बघते. सोडतील.

दीपक: अनुजा, माझ्यासाठी म्हणून नको येऊस.

अनुजा: तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठीही नाही. या मुलीला एकटीने त्या रांगेत उभं राहायला नको. आणि ऐक, मी दारापर्यंत येईन. आत पाऊल टाकेन की नाही, ते मला आत्ता सांगता येणार नाही. तिथे गेल्यावर ओढू नकोस मला. "एवढ्या लांब आलोय तर चल" असं म्हणू नकोस.

दीपक: नाही बोलणार. तुला नाही जमलं तर मी पण आत नाही जात.

अनुजा: मग एवढ्या लांब जाऊन करायचं काय?

दीपक: बाहेर बसू. या वेळी दोघं असू ना.